तोरणा पळून लिंगाण्याला जाऊ नका

"धावणं पायांचं काम, क्लाइंबिंग हातांचं. एक दमलं की दुसऱ्याला आराम." हे ऐकून कान किटलेत. आमच्या ग्रुपमधल्या एका जुन्याजाणत्या दादाने हेच सांगून शनिवारी तोरणा किल्ला पळून आणि रविवारी लिंगाण्याचा सुळका चढून असा बेत सगळ्यांच्या गळी उतरवला. वर मला खास पुस्ती, "बोट दुखतंय ना तुझं? मग पळून घे, बोटाला सुट्टी." हा दादा स्वतः शनिवारी रात्री पुण्याला परतला, हे आधीच सांगून ठेवते.

तोरण्याबद्दल फार लिहीत नाही. वेल्ह्यातून चढ, बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मेंगाई देवीचं देऊळ आणि परत. पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, १४०३ मीटर. हवा छान होती, सगळे सुसाट उतरलो. रविवारचं वाटोळं त्या उतारावरच झालं. पळत उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात. त्याचं दुखणं लगेच येत नाही, २४ ते ७२ तासांत वाढत जातं. म्हणजे लिंगाण्याच्या वाटेला लागायला आणि मांड्या धरायला मुहूर्त अगदी एकच.

आता जीप. वेल्ह्याच्या पुढे, लिंगाण्याची वाट सुरू होते त्या मोहरी गावापर्यंत फोनवर २५०० रुपये ठरले होते. गाडीत बसल्यावर "रस्ता लई खराब आहे, ४००० होतील". रस्ता खराब आहेच, पण तो काही रात्रीतून खराब झाला नव्हता. जाणं, येणं आणि थांबणं, तिन्हीचा मिळून एकच आकडा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फोनवरच्या शब्दाला तिथे किंमत नाही. मोहरीत घरगुती जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. पिठलं-भाकरी झकास. पाणी तिथेच भरा, माणशी किमान ४ लिटर.

रायलिंगाच्या पठारावरून लिंगाणा समोर दिसतो तेव्हा सगळे फोटो काढत बसतात. काढा. पुढे बोराट्याची नाळ आहे.

या नाळेबद्दल कुणी नीट का सांगत नाही, मला कळत नाही. विचाराल त्याला लिंगाण्याचा सुळका आठवतो. "नाळ काय, अर्ध्या तासात उतराल." ताज्या पायांनी उतरत असाल कदाचित. नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद, उभी घळ, आणि तिच्यात सलग दगडांची रास. मोठे धोंडे भरवशाचे वाटतात आणि पाय ठेवल्यावर डुगडुगतात, मधल्या फटींत घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी माती-खडी. प्रत्येक पाऊल गुडघाभर खाली. मला आयटी बँडचा (मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणाऱ्या पट्ट्याचा) जुना त्रास आहे, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला. हे दुखणं गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना सगळ्यात जास्त टोचतं. सपाटीवर भरभर पळताना कधीकधी कमी जाणवतं आणि सावकाश, ब्रेक मारत उतरताना जीव घेतं. नाळेत भरभर उतरायची सोयच नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाला बरोबर तोच कोन. निम्म्यात आल्यावर मी बसून, हातांवर भार टाकत उतरायला लागले. त्यात वरून दुसऱ्या एका ग्रुपची पोरं दगड सोडत होती. हेल्मेट सुळक्याखाली पोचल्यावर घालायचं अशी पद्धत दिसली. नाळेच्या तोंडाशीच घाला. आणि वरचा ग्रुप उतरत असेल तर आडोशाला उभं राहून त्यांना पुढे जाऊ द्या, लाज बाळगू नका.

नाळेतून खिंडीकडे जाणारी आडवी वाट दरी बघून भीती वाटणाऱ्यांना नकोशी वाटेल. दोर लावून घ्या. थरथरत्या मांड्यांनी तिथे फुशारकी नको.

सुळक्याची चढाई, खरं सांगायचं तर, सांगतात तेवढी अवघड नाही. पकडी मोठ्या आहेत, त्रास घसाऱ्याचा आणि उघड्या कड्याचा. दादाचं गणित इथे पुरतं फसलं. पोटऱ्या दमल्या की छोट्या खाचेत पंजावर उभं राहवत नाही. मग पायांवरचा भार नकळत हातांवर येतो. माझ्या उजव्या अनामिकेची ए-टू पुली, म्हणजे बोटाच्या मुळाशी कंडरेला हाडाशी धरून ठेवणारा पट्टा, आधीच दुखावलेली. क्लाइंबर्समध्ये दुखावते ती बहुतेक याच बोटाची. मोठी पकड समोर असतानाही घाबरून क्रिंप मारला जात होता, म्हणजे बोटं घट्ट दुमडून टोकांवर पकड, आणि दर वेळी बोटाच्या मुळाशी कळ. शनिवारी सुट्टी दिलेल्या बोटाने रविवारी पायांची हमाली केली. टेप लावली होती, पण टेपने आधार मिळतो, भार फारसा कमी होत नाही. बोटं शक्यतो उघडी ठेवून पकडा.

शनिवार-रविवारी दोराला रांग लागते. गुहेपाशी आम्ही इतका वेळ बसलो की पाय लाकूड झाले. विंडचीटर न्या, घोटे फिरवत राहा, ठिय्या मारून बसू नका. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरताना, गुडघ्याने अजिबात त्रास दिला नाही. परतीची नाळ चढायची असते, तीही गुडघ्याला बरी. फक्त ऊन आणि तहान. हेडटॉर्च सॅकमध्ये असू द्या.

दोन्ही करायचंच असेल तर आधी लिंगाणा, मग किमान दोन दिवस सोडून पळणं. उलटं नाही. एरवीच्या आठवड्यात आतकरवाडीतून सिंहगड पळत चढा. सुमारे ६०० मीटरचा चढ मिळतो, दम वाढवायला पुष्कळ. उतरायला शेअर जीप घ्या. लोक हसतात, हसू देत. उताराचा सराव लागतोच, पण तो आठवड्यात एकदाच, आणि क्लाइंबिंगच्या भिंतीवर चढायच्या आदल्या दिवशी नाही. टाचेमागची कंडरा (अकिलीस) दुखणाऱ्यांना स्वीडनच्या डॉ. अल्फ्रेडसनचे १९९८ सालचे, पायरीवर टाच खाली सोडायचे व्यायाम माहीत असतील: सरळ आणि वाकलेल्या गुडघ्याने, प्रत्येकी १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. कंटाळवाणे आहेत, पण मला लागू पडले. स्नायू लवकर तयार होतात, कंडरांना महिने लागतात, म्हणून दम वाढला की पळणं आणि चढणं दोन्ही एकदम वाढवायचा मोह होतो आणि तिथेच दुखापत होते.

आमच्यातल्या एकाने पहाटे वेदनाशामक गोळी घेऊन नाळ उतरली. तसं करू नका. दुखणं कळेनासं होतं, आणि उन्हात पाणी कमी पडलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

गुडघा बाहेरून टोचत असेल तर लिंगाणा सरळ फेब्रुवारीवर ढकला. मार्चनंतर खडक तापतो, तेव्हा गुडघा बरा असला तरी पुढच्या हिवाळ्याचीच तारीख धरा.