मीटरवर नऊ दाखवणारा सेल

मागे एका रविवारी भाचा खेळ अर्धवट टाकून थेट वर्कशॉपवर आला. गुडघ्यापर्यंत माती, हातात पेंटबॉलचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायची हवेवरची बंदूक. "मावशी, बोर्ड गेला गं याचा. पहिला बॉल नीट जातो, पुढचे दोन-तीन पुढ्यातच पडतात. भराभर ट्रिगर ओढला की लाइटच जाते."

तासगाव रस्त्याला मित्राच्या द्राक्षबागेशेजारी पडीक रान आहे, तिथं ही पोरं खेळतात. बाकीचे मार्कर साधे आहेत. हा एकच इलेक्ट्रॉनिक, पाच जणांनी पैसे घालून घेतलेला. नव्या बोर्डाचा भावसुद्धा त्यानं विचारून ठेवला होता.

"सेल बघितलास का?"

"बघितला की. मीटरवर 9.1 दाखवतोय."

मी कुपवाड एमआयडीसीत मोटार रिवाइंडिंग करते. लोड न लावता, म्हणजे सेलकडून काही काम करून न घेता मोजलेल्या व्होल्टेजवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. आधी त्याला हवेची बाटली काढायला लावली. सेल काढला तरी आत हवा असतेच, आणि नळीसमोर डोळा नेणाऱ्या पोरांची मला फार भीती वाटते. मग मार्कर उघडला.

बॉल फेकते ती दाबलेली हवा. सेलचं काम सोलेनॉइडला, म्हणजे व्हॉल्व्ह ओढणाऱ्या कॉइलला, झटका देऊन हवेचा व्हॉल्व्ह उघडायचं. हा झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा असतो. कॉइलचा रेझिस्टन्स मोजला तर 18 ओहम भरला. म्हणजे पूर्ण 9 व्होल्ट मिळाले तर अर्धा अँपिअर करंट. तेवढ्या वेळात तेवढा करंट मिळाला नाही तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो आणि बॉल जवळच पडतो. व्होल्टेज आणखी बसलं की बोर्डावरचा प्रोसेसर बंद पडून परत चालू होतो. लाइट जाते म्हणाला ती अशी.

मग 18 ओहमचा 5 वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर घेतला, सेलच्या दोन बटणांना क्षणभर टेकवला आणि त्याच वेळी मीटर बघायला लावला. 9.1 चे सरळ 4.7 झाले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. सेलवर 'हेवी ड्यूटी' छापलेलं होतं. हा झिंक-कार्बनचा सेल. घड्याळ, रिमोट असल्या थोड्या करंटच्या कामाला चांगला. त्याचा आतला रेझिस्टन्स जास्त, जुना झाला की आणखी वाढतो. हिशेब केला तर या सेलमध्ये साधारण सतरा ओहम निघाले, जवळजवळ कॉइलइतकेच. निम्मं व्होल्टेज सेलच्या पोटातच संपत होतं. दुकानातून नवा अल्कलाइन आणवला. तो मोकळा 9.4, लोडवर साडेआठ.

"पण मावशी, हजार बॉल मारल्यावर तोही उतरणार की."

इथं मी त्याला वही घेऊन बसवलं. अर्धा अँपिअर, सेकंदाचा शंभरावा भाग, गुणिले हजार. उत्तर आलं 5 कूलॉम, म्हणजे दीड मिलिअँपिअर-तासापेक्षाही कमी. अल्कलाइनमध्ये साधारण 500 असतात. सेल खातो तो चालू ठेवलेला बोर्ड आणि बॉल आला का ते बघणारे इन्फ्रारेड डोळे. या मार्करला नुसता चालू ठेवला तरी 25 मिलिअँपिअर लागत होते, म्हणजे वीस तासांत सेल आडवा. एक फेरी संपून दुसरी सुरू होईपर्यंत पोरं चहा पीत बसतात, तेव्हा मार्कर बंद करायचा.

रिचार्जेबलचा विषय निघालाच. बाहेरून 'नऊ व्होल्ट' म्हणून विकतात, पण बारीक अक्षरात 7.2 किंवा 8.4 छापलेलं असतं. आत 1.2 व्होल्टच्या सहा पेशी असल्या तर 7.2, सात असल्या तर 8.4. घ्यायचाच असेल तर सात पेशींचा घ्या, आणि खेळाच्या आदल्या रात्री चार्ज करा. ठेवल्या ठेवल्याही तो उतरतो.

शेवटी सेलला लागते ती क्लिप बघितली. तिची पकड सैल होती, बारीक पक्कडनं हलकी आवळली. हवा लावून, मास्क घालून मागच्या भिंतीवर त्यानं सलग चाळीस बॉल मारले. एकही जवळ पडला नाही. रेझिस्टरला दोन वायरी डाग देऊन त्याच्या किटमध्ये टाकलाय. आता दर रविवारी निघायच्या आधी तो मला लोडवरचा आकडा कळवतो. काल 8.3 होता.