'बाउंड': वीस किलो नोटा, एक पातळ भिंत आणि रिडायलचं बटण

चोरीचा पैसा आणि प्रेमात पडलेली जोडी, एवढ्या भांडवलावर निघालेले थ्रिलर पोत्याने सापडतात. त्यातले बरेचसे एकाच जागी ढेपाळतात, कारण त्यांच्यातला पैसा हा नुसता आकडा असतो. कुणीतरी बॅग उघडतं, डोळे विस्फारतात, बॅग बंद. ती उचलताना कुणाचा खांदा कलत नाही. 1996 चा 'बाउंड' या बाबतीत चोख आहे. लाना आणि लिली वाचोव्स्की या बहिणींचं हे दिग्दर्शनातलं पहिलं काम. 'मेट्रिक्स' त्यानंतर तीन वर्षांनी आला आणि त्यात छायाचित्रकार बिल पोप, संकलक झॅक स्टेनबर्ग, संगीतकार डॉन डेव्हिस हीच मंडळी होती. पुढे सगळी गोष्ट फोडली आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.

मांडणी छोटी आहे. शिकागोतली इमारत, शेजारी शेजारी दोन फ्लॅट. एकात माफियाचे पैसे फिरवणारा सीझर (जो पँटोलियानो) आणि त्याच्याबरोबर राहणारी व्हायोलेट (जेनिफर टिली). दुसरा रिकामा. त्याच्या डागडुजीचं काम कॉर्कीकडे (जिना गर्शॉन). ती पाच वर्षं तुरुंगात काढून नुकतीच सुटली आहे. रंग, नळ, पाइप सगळं एकटी उरकते. दोघी प्रेमात पडतात. काही स्टुडिओवाल्यांनी कॉर्कीला पुरुष करा म्हणून सुचवलं होतं, वाचोव्स्कींनी साफ नकार दिला. बरं झालं. कॉर्की पुरुष असती, तर सीझरला पहिल्या तासातच संशय आला असता. बायकोसारखी राहणारी बाई शेजारच्या प्लंबरीणबाईच्या प्रेमात पडू शकते, हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही आणि अख्खा प्लॅन त्याच आडोशाने उभा राहतो.

आता नोटा. शेली नावाच्या हिशोबनीसाने माफियाच्या पैशांतून वीस लाख डॉलरांवर रक्कम हळूहळू लांबवलेली असते. तो पकडला जातो, सीझरच्याच बाथरूममध्ये त्याचे हाल होतात. पुढे बॉसचा तापट मुलगा जॉनी त्याला गोळी घालतो, तीही पैशांशेजारीच. सीझर रक्ताने भिजलेल्या नोटा घरी आणतो, धुतो, घरभर दोऱ्या बांधून वाळत घालतो आणि एकेकीवर इस्त्री फिरवतो. काळा पैसा 'धुण्याचा' हा विनोद सिनेमा शब्दांत कधीच करत नाही, नुसता दाखवतो.

हे खरंच जमेल का? जमेल. डॉलरची नोट लाकडाच्या लगद्याची नसते. तिच्यात 75 टक्के कापूस आणि 25 टक्के लिनन असतं, त्यामुळे ती पाण्यात विरघळत नाही. (आपल्या नोटांचा कागदही शंभर टक्के कापसाचा. खिशात राहून वॉशिंग मशीनमधून निघालेली नोट चालते ती त्यामुळेच.) पण पाणी गार हवं. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन गोठतं आणि डाग धाग्यात पक्का बसतो. इस्त्रीचंही तेच. डाग निघायच्या आत ती फिरवली, की तो तपकिरी होऊन कायमचा राहिला.

शंभराच्या नोटा धरल्या तर वीस लाख डॉलर म्हणजे 20,000 नोटा, शंभर-शंभराच्या 200 गड्ड्या. एक नोट साधारण एक ग्रॅमची, म्हणजे वजन जवळपास 20 किलो. एकावर एक रचल्या तर चळत 2.2 मीटर, साध्या दारापेक्षा उंच. जागा साधारण 22-23 लिटर, आणि हा कोऱ्या नोटांचा हिशोब. धुऊन वाळवलेली नोट कितीही इस्त्री केली तरी थोडी फुगतेच. नोटेची अरुंद बाजू 6.6 सेंटिमीटर. सगळ्या एकदम शेजारी शेजारी टांगायच्या तर दोरी 1,300 मीटरांच्या वर लागेल. एका नोटेवर पाच सेकंद इस्त्री धरली, तर 1 लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ 28 तास. सिनेमा हे काम भराभर उरकतो, ते माफ. सीझर त्या ढिगाऱ्यात घामाघूम उभा असलेला दिसतो, तेवढ्याने वजन पोचतं.

यावरून आपल्याकडच्या लेखकांसाठी एक सोयीचा हिशोब. पाचशेच्या नोटांत एक कोटी म्हणजेही 20,000 नोटाच. मुंबईच्या भाषेतला एक खोका आणि 'बाउंड'मधली पैशांची ब्रीफकेस जवळपास एका मापाची. तेव्हा नायक दहा खोके एका हातात घेऊन जिना उतरत असेल, तर त्याने दोनशे किलोंहून जास्त उचललंय हे लक्षात असू द्या.

आता हे पैसे चोरायचा दोघींचा प्लॅन. जॉनीचा बाप जीनो पैसे घ्यायला येणार आहे. सीझर आणि जॉनी यांचं विळ्या-भोपळ्याचं वैर. जीनो यायच्या आधी सीझर आंघोळीला जातो. जीनोसाठी आणलेली स्कॉचची बाटली व्हायोलेटच्या हातून 'चुकून' पडते. दुसरी आणते म्हणून ती बाहेर पडते आणि जाता जाता कॉर्कीला आत सोडते. कॉर्की केसमधले पैसे काढून शेजारच्या फ्लॅटमध्ये, रंगकामाच्या सामानात नेऊन ठेवते. व्हायोलेट बाटली घेऊन परतते आणि सहज म्हणून सांगते, की जॉनी आत्ताच खालून जाताना दिसला. सीझर केस उघडणार, पैसे गायब, चोर जॉनी. बॉसच्या मुलावर आळ कोण घेणार? सीझर जीव वाचवायला पळेल, आणि पळाला की तोच चोर ठरेल.

यातलं यांत्रिक काम बिनचूक होतं. चूक फक्त शेवटच्या 'पळेल' या शब्दात आहे. सीझर पळत नाही. पळालो तर जीनो मलाच चोर समजेल, एवढा विचार तोही करतो, आणि पैसे परत मिळवायचे ठरवून बसून राहतो. व्हायोलेट निघून जायला बघते, तर तिच्यावर पिस्तूल रोखतो. जीनो, जॉनी आणि त्यांचा माणूस घरी येतात आणि तिघांचे मुडदे पडतात. या प्रकारच्या कथांमध्ये बहुतेकदा कुलूप किंवा घड्याळ दगा देतं. इथे माणसाबद्दलचा अंदाज चुकतो, म्हणून पुढचा तास सुटत नाही. भित्रा वाटणारा माणूस कोंडला की काय करेल हे त्याच्याबरोबर पाच वर्षं राहिलेल्या बाईलाही कळलेलं नव्हतं, ही भीती कुठल्याही पाठलागापेक्षा मोठी आहे.

दुसरी चूक बारीक, आणि मला जास्त आवडते ती. सीझर खोलीबाहेर असताना व्हायोलेट कॉर्कीला फोन करते. तारेचा फोन, त्यावर रिडायलचं बटण. फोनच्या पोटात शेवटचा लावलेला नंबर राहतो, बस. सीझर ते बटण दाबतो, रिसीव्हर कानाला लावतो, आणि घंटी भिंतीपलीकडे वाजते. ती खोली रिकामी असायला हवी होती. याआधीच्या तासाभरात त्या भिंतीतून काय काय ऐकू येतं हे आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवून ठेवलेलं आहे. शेलीच्या किंकाळ्या कॉर्कीला तिच्या बाथरूममधल्या पाइपांतून ऐकू आल्या होत्या. त्यामुळे फोन वाजतो तेव्हा तो योगायोग वाटत नाही. फोन ठेवल्यावर व्हायोलेटने दुसरा कुठलाही नंबर फिरवला असता, तरी पुरलं असतं. दोन सेकंदांचं काम.

मोबाइलच्या काळात हीच युक्ती जशीच्या तशी उचलता येत नाही. कॉल लॉग असतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे, तो न पुसणारं पात्र नुसतं मूर्ख दिसतं. यंत्राची जी गोष्ट माणसं वापरतात पण आठवत नाहीत, ती शोधावी लागते. घरातल्या दोन फोनांवर एकच अकाउंट असेल तर फोटो दुसऱ्या फोनवर आपोआप उमटतात, गाडीच्या स्क्रीनवर जुन्या पत्त्यांची यादी पडून असते.

रोकडीच्या कथेत भारतात आणखी एक अडचण असते. 8 नोव्हेंबर 2016 च्या आधी पुरून ठेवलेली पाचशे-हजाराची गड्डी त्या रात्री बारानंतर चलनातून बाद झाली. त्यामुळे कथेचं साल पहिल्या पानावर ठरवून टाका. श्रीराम राघवनचा 'जॉनी गद्दार' 2007 चा, त्यात अडीच कोटींसाठी खून पडतात. तेव्हा हजाराची नोट होती, म्हणून 25,000 नोटांत भागलं असतं. आज पाचशेत तेच 50,000 नोटा.

राहिला प्रेमाचा भाग. नोआर म्हणजे काळोख्या गुन्हेपटांची जुनी सवय अशी, की बाई शेवटी दगा देणार. 'बाउंड' ही शंका पेरतो कशी ते बघा. सुरुवातीला व्हायोलेटचं कानातलं बेसिनमध्ये पडतं. कॉर्की बेसिनखालचा वाकडा पाइप सोडवते. साचलेलं पाणी त्याच वाकात असतं आणि जड वस्तूही तिथेच अडकते. कानातलं मिळतं, आणि ते मुद्दाम टाकलं होतं हेही कळतं. म्हणजे स्कॉचची बाटली हा व्हायोलेटचा दुसरा 'अपघात'. पहिला तिने कॉर्कीवरच करून पाहिलेला. सीझरला ज्या हातचलाखीने बनवलं त्याच हातचलाखीने ही आपल्यालाही बनवत नसेल कशावरून, हा प्रश्न कॉर्कीला पडतो आणि प्रेक्षकालाही. त्यासाठी वेगळा संवाद लिहावा लागत नाही. पहिल्या दृश्यात कॉर्की कपाटात बांधून पडलेली दाखवली आहे, त्यामुळे उत्तर वाईट येणार असंच वाटत राहतं.

शेवट मात्र हिशोबाचा आहे. सीझर शेजारच्या फ्लॅटमध्ये पैशांपर्यंत पोचतो. व्हायोलेट पिस्तूल रोखते. ती गोळी घालणार नाही अशी त्याची खात्री असते. ती घालते, आणि तो सांडलेल्या पांढऱ्या रंगात कोसळतो. जीनोच्या गोटातल्या मिकीचा समज असा, की सीझर पैसे घेऊन पळाला. व्हायोलेटचा त्याला अजिबात संशय येत नाही, उलट सीझरला शोधून काढतो असं तो तिला सांगतो. पहिल्या दिवशी आखलेला प्लॅन जिथे फसला होता, नेमकी तीच ओळ शेवटी खरी ठरते. सीझर 'पळतो', फक्त आता त्याला कुणीही शोधून काढू शकत नाही.