पाचटावर उभी केलेली गाडी

आज नऊ दिवस झाले तरी तो धूर डोक्यातनं जात नाही म्हणून लिहायला बसलोय.

माझं काम थोडक्यात सांगतो. बाहेरनं कोल्हापुरात फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना जोर असलेल्या गाड्या, घेऊन येणाऱ्या लोकांसाठी वाटा शोधायच्या, आधी जाऊन रेकी करायची आणि त्या दिवशी पुढच्या गाडीत बसून सगळ्यांना नेऊन आणायचं. दिवाळी झाली की फोन सुरू होतात आणि प्रत्येकाचं एकच, आता सगळं वाळलंय, सोपी सोपी वाट दाखवा. हिवाळा सोपा असतो हे कुणी पसरवलंय माहीत नाही. पावसाळ्यात चिखल निदान समोर दिसतो तरी. डिसेंबरात उसाला पाणी सोडलेलं असतं, पाट फुटून पाणंदीत येतं, वरनं पापुद्रा वाळून कडक दिसतो आणि आत लोण्यासारखा गाळ, त्यात भरलेल्या उसाच्या डबल ट्रॉल्या जाऊन जाऊन चाकोऱ्या एवढ्या खोल पडतात की गाडी पोटावर बसते आणि चारी चाकं नुसती फिरतात. डोंगराच्या बाजूला गवत कमरेएवढं, त्यात जांभ्याचे दगड दडलेले. सकाळी नवाच्या आत गेलात तर दवानं तेच गवत साबणासारखं होतं.

वाट निवडणं हेच निम्मं काम. मसाई पठारावर न्या म्हणून दर ग्रुपमधला एकजण मागं लागतोच. ते संवर्धन राखीव आहे, आणि नसतं तरी मी नेलं नसतं, सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, माती चार बोटं पण नसते, एकदा चाक फिरलं की तो ओरखडा किती वर्षं राहतो ते मी बघितलंय. राधानगरी अभयारण्यात रस्ता सोडून चाक घालायचा तर विषयच नाही. मग उरतात पाणंदी, शिवरस्ते आणि जुने गाडीमार्ग. त्यासाठी मी गाव नकाशे घेऊन बसतो. नकाशात दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक म्हणजे पायवाट, पायवाटेवर मी गाडी घालत नाही. मोबाईलवरच्या मॅपला यातलं काही कळत नाही, तो कुणाच्याही बांधावरनं रस्ता दाखवतो आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवून लोकांच्या हरभऱ्यात घुसतात. रेकी पण मी दोनदा करतो, एक पंधरा दिवस आधी आणि एक आदल्या दिवशी, कारण गळीत हंगामात रान रोज बदलतं. काल जिथं उसाची भिंत होती तिथं आज मोकळं मैदान असतं.

तर तो रविवार. पुण्याच्या पाच गाड्या, त्यातल्या तीन डिझेल. बाजारभोगावच्या वरच्या अंगाची एक पाणंद आणि तिथनं डोंगराच्या सोंडेवर चढणारा जुना गाडीमार्ग असा रूट होता. निघताना टायरची हवा 35 वरनं 20 वर आणली, टो हूक तपासले, वॉकीटॉकी दिले, लो रेंज, म्हणजे हळू पण जादा ताकदीनं चालायचा गिअर, कधी लावायचा ते समजावलं. चढण सुंदर झाली, एक गाडी दगडावर अडकली ती पट्ट्यानं ओढली, बाकी कुणाला खरचटलं पण नाही. तीन तास सगळे पहिल्या-दुसऱ्या गिअरात, लो रेंजमध्ये.

आता इथं जरा यंत्राचं सांगायला पाहिजे. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडं बीएस 6 आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी, बसली. गाडी हायवेला पळत असली की ही काजळी आपोआप जळते. हळू चालवली की साठत जाते, आणि फार साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल घालून ती जाळायला घेते. तेव्हा आतलं तापमान 600 डिग्रीच्या आसपास जातं. वाळलेलं गवत त्याच्या कितीतरी खाली पेट घेतं. म्हणजे तीन तास लो रेंज ही डीपीएफ भरायची सगळ्यात खात्रीची रीत, हे मला माहीत होतं आणि तरी सकाळच्या सूचनांत मी ते बोललो नाही.

जेवायची जागा मीच ठरवलेली. दोन दिवसांपूर्वी ऊस तुटलेलं रान, कडेला आंब्याचं झाड, मालकाची परवानगी घेतलेली. रानात घोट्याच्या वर पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पसरलेलं. ते न जाळता कुजवायचं म्हणून मालकानं मुद्दाम ठेवलेलं, चांगला शेतकरी. मी गाड्या सावलीला लावायला सांगितल्या. एका गाडीत मागं लहान पोरगी झोपलेली, म्हणून तिच्या बाबांनी एसीसाठी इंजिन चालू ठेवलं. डॅशबोर्डवर तासाभरापासून एक पिवळा दिवा होता, त्यांना वाटलं सर्व्हिसिंगचा असेल.

भाकरी हातात होती आणि धुराचा वास आला. मी दुर्लक्ष केलं. डिसेंबरात आमच्याकडं कुठं ना कुठं गुऱ्हाळ पेटलेलं असतंय, कुठं पाचट जाळत असतात, नाकाला सवय झालेली. एका बाईनं "गाडी, गाडी" म्हणून ओरडल्यावर वळून बघितलं तर गाडीच्या पोटाखाली जाळ.

आईनं पोरीला ओढून काढलं. मी आत बसलो, रिव्हर्स टाकला आणि गाडी तशीच पाणंदीच्या मुरमावर नेली. पोटाला अडकलेलं पाचट अजून जळत होतं, तिथं आग विझवायचा दोन किलोचा सिलिंडर सगळा संपला. तेवढ्यात मागं रानातला जाळ वाऱ्यानं शेजारच्या उभ्या उसाकडं निघालेला. मोटर चालू करायला धावलो तर लाईट नाही, त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला. प्यायच्या पाण्याचे कॅन ओतले, ते किती पुरणार.

वाचवलं ते पलीकडच्या रानात तोड करणाऱ्या बीडच्या टोळीनं. बायका उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या, पेंढ्या घेऊन पळत आल्या आणि जाळ झोडपायला लागल्या, गडी कोयत्यानं पाचट ओढून मोकळा पट्टा पाडत होते. एकीनं मला हातानं बाजूला सारलं, "सरका दादा, फुकट वारा घालू नका." मी पाण्याची बाटली घेऊन मधे उभा होतो. वीसेक मिनिटांत विझलं. उभ्या उसाच्या पाच सऱ्या होरपळल्या. त्याच बाईचा उजवा हात मनगटापर्यंत भाजलेला, तिनं त्याला माती लावली आणि परत मोळ्या बांधायला गेली. फर्स्ट एडचा डबा मी मागनं पळत नेऊन दिला.

उसाचा मालक आला. वयानं मोठा माणूस, शिव्या देईल असं वाटलेलं. तो जळालेल्या सऱ्यांतनं एकदा चालत गेला आणि म्हणाला, "पाणंद समद्यांची हाय, तिथनं शंभरदा जावा. रानात कशाला शिरला?" म्हटलं, मामा, शेजारच्या मालकाला विचारलं होतं. "त्यानं त्याचं रान दिलं. माझा ऊस दिला न्हवता."

याला उत्तर नव्हतं. जळक्या उसाला कारखाना कपात लावतो आणि लवकर तोडला नाही तर वजन घटत जातं. मुकादमाला विनवून संध्याकाळीच त्या सऱ्या तोडून घेतल्या, कपातीचे आणि वरचे पैसे मामांच्या हातात दिले. ग्रुपमधले एक साहेब तिथंच म्हणाले की इन्शुरन्समधनं बघता येईल, एवढ्या उसाचे एवढे कशाला. अशा माणसांबरोबर मी परत जाणार नाही. पोरीच्या बाबांनी मात्र न बोलता पाकीट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी मलम आणि पैसे घेऊन त्या बाईला भेटायला गेलो तर टोळी हललेली. मुकादमाचा फोन लागला, आता राधानगरीच्या बाजूला आहोत म्हणाला, नक्की कुठं ते त्यालाच रोज सकाळी कारखान्याच्या स्लीप बॉयकडनं, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या पोराकडनं, कळतं. तिच्यासाठीचं पैशांचं पाकीट अजून गाडीतच आहे.

बाकी सगळं बदललं. थांबा फक्त मुरमावर नाहीतर डांबरावर. लो रेंजचा टप्पा संपला की डिझेलवाल्यांनी थांबायच्या आधी वीस मिनिटं डांबरी रस्त्याला गाडी मोकळी पळवायची, पिवळा दिवा लागला की तिथंच वॉकीवर सांगायचं, दर थांब्याला गाडीखाली वाकून अडकलेलं गवत काढायचं. पण पुढच्या रविवारचा ग्रुप त्याच सोंडेची वाट मागतोय आणि तिथं वीस मिनिटांचा डांबरी रस्ता कुठल्याच बाजूला नाही. सहा गाड्या आहेत, चार डिझेल. परवा जाऊन परत चालत सगळा रूट बघितला, वरच्या अंगाचा ऊस अजून उभा आहे. मामा बांधावर दिसले, त्यांनी हात केला, मीही केला. ग्रुपला अजून होय किंवा नाही कळवलेलं नाही.