आज्जीचा पाचू निघाला पेरिडॉट

आमच्या घरात आज्जीची एक हिरव्या खड्याची अंगठी आहे, सगळे तिला पाचूची अंगठी म्हणायचे. गेल्या श्रावणात ती माझ्या बोटात बसेना म्हणून मोठी करायला शहापूरला सराफाकडं घेऊन गेलो. सराफ मामांनी भिंग लावून खडा बघितला आणि भिंग माझ्या हातात दिलं, "वरनं आत बघा की, मागच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसतात का नाही?" दिसत होत्या. "मग ह्यो पाचू न्हवं, पेरिडॉट हाय. उपरत्न."

मला वाईट वाटलं, खरं सांगतो. घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की ही चूक जगभर झालीय. जर्मनीत कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या जन्माच्या गोष्टीतल्या तीन राजांची सोन्यानं मढवलेली पेटी आहे, तिच्यावरचे मोठे हिरवे खडे लोक शेकडो वर्षं पाचूच समजत होते आणि ते पेरिडॉट निघाले. तांबड्या समुद्रातल्या ज्या बेटावर प्राचीन काळापासून हा खडा काढायचे त्याचं नावच झबरगद, अरबीत ह्या खड्यालाही जवळपास तेच नाव. आणि पाचूला हिरवेपणा येतो तो क्रोमियम नाहीतर व्हॅनेडियमच्या जराशा अंशानं, पेरिडॉटचा हिरवा मात्र त्याच्या घडणीतल्याच लोखंडाचा, त्यामुळं तो हिरवाच असतो, पोपटी म्हणा नाहीतर शेवाळी. पेरिडॉट म्हणजे ऑलिविन नावाच्या खनिजाचा खडा, पृथ्वीच्या पोटात खोल तयार होतो आणि लाव्ह्याबरोबर वर येतो, काही उल्कांमध्येसुद्धा सापडलाय! हे वाचल्यावर वाईट वाटायचं थांबलं.

आपल्याकडं बुधासाठी पाचू परवडत नसेल तर हा करंगळीत बुधवारी घालतात, तिकडं युरोपात सोन्यात मढवला की रात्रीची भीती जाते म्हणायचे. ज्याची त्याची श्रद्धा. ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांचा खडा पण हाच.

पण जपणूक मात्र मनावर घ्या. कडकपणा दहापैकी साडेसहा ते सात (मोह्स मापावर), म्हणजे अंगणातल्या धुळीतल्या वाळूच्या कणानंसुद्धा चरे पडू शकतात. त्याहून वाईट म्हणजे एकदम गरम-गार झालं की तडकतो आणि तेजाब त्याला सोसत नाही. आमच्या वहिनीच्या कुड्या एका दुकानात पॉलिशला दिल्या होत्या, त्यांनी सरळ अल्ट्रासॉनिक म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या मशीनमध्ये टाकल्या, एका खड्यात आरपार चीर. तिनं लग्नातल्या म्हणून जपल्या होत्या, मला अजून राग येतो. म्हणून अंगठी मोठी करायची असेल तर सोनाराला आधी सांगा, खडा कोंदणातनं काढा, मग झाळ द्या. आमच्या सराफ मामांनी न सांगता काढला.

घरी कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस्स. चिंच-लिंबू नको, वाफ नको. अत्तर-स्प्रे मारून झाल्यावर अंगठी घालायची, घाम आला की रात्री पुसून ठेवायची आणि डबीत वेगळी, कापसात, बाकीच्या दागिन्यांबरोबर नाही. आज्जी तर ती जुन्या रेशमी खणाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची, तो तुकडा अजून आहे, अंगठी परत त्यातच ठेवलीय.