पुनर्विवाह : नाही

नोव्हेंबर महिना आमच्या बँकेच्या शाखेत पेन्शनरांचा. सरकारी कोषागाराची यादी येते, आपल्या नावासमोर सही केली की हयातीच्या दाखल्याचं काम झालं. जोडीदार गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना एक प्रश्न जास्तीचा असतो : पुनर्विवाह केला आहे का? सत्तरीच्या बायकांना तो विचारायची मला लाज वाटते. मी नुसतं बोट ठेवते आणि म्हणते, "इथे 'नाही' लिहा, काकू."

गेल्या वर्षी एका काकूंनी पेन खाली ठेवलं.

"लग्न नाही केलं. पण आम्ही दोघं चार वर्षं एका घरात राहतोय. मग काय लिहू?"

त्यांनी बाकड्यावरच्या काकांकडे हात केला. काकांनी मला नमस्कार केला. रांग गप्प. मी घाईघाईने दोघांना आत बोलावलं. त्यांना लपवायचं काहीच नव्हतं, अवघडले होते ती मी.

काकूंचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. राज्य सरकारच्या १९८२ च्या मूळ पेन्शन नियमांत विधवेचं निवृत्तिवेतन मृत्यू किंवा पुनर्विवाह, जे आधी होईल तोपर्यंत होतं. एकत्र राहण्याबद्दल त्यात काही नाही. म्हणजे 'नाही' हेच खरं उत्तर. काकूंनी सही केली आणि मग मोकळेपणाने बोलायला लागल्या.

पुण्यात ज्येष्ठांसाठी २०१२ पासून लिव्ह-इनचं मंडळ आहे, तिथल्या सहलीत ओळख झालेली. लग्नच करायचं होतं, तारीखही काढली होती. काकूंची मुलगी म्हणाली, "आई, पेन्शन सोडू नकोस. उद्या काका गेले तर कुणापुढे हात पसरशील?" काकांचा मुलगा उलट, लग्न करा म्हणून मागे लागलेला, सोसायटीत लोक विचारतात म्हणून. मग कुणीतरी त्याला सांगितलं की लग्न झालं तर फ्लॅटला आणखी एक वारस येईल. "तेव्हापासून लग्नाचं नाव नाही काढलं त्याने," काका हसत म्हणाले. मला हसू आलं नाही. गेली चार वर्षं दिवाळीत नातवंडं येतात तेव्हा काकू चार दिवस मुलीकडे जातात. जाताना आपल्या साड्या आणि औषधांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावतात. हे त्या भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या.

काकांचं खरं काम वेगळंच होतं. त्यांना मुदत ठेवीवर काकूंचं नाव लावायचं होतं. नॉमिनी कुणालाही करता येतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्यांच्या हाती पडतील, हक्क मात्र वारसांचा, आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगा आहे, मुलगी आहे, विधवा आहे, काकू कुठेच नाहीत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा विवाहासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण देतो, पण वारसा देत नाही. "मृत्युपत्र करा काका," मी म्हटलं, "साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत." बँकेने ग्राहकाला असलं काही सांगावं का, ठाऊक नाही. सांगितलं.

"साक्षीदार कोण देणार?" काकू म्हणाल्या. "माझी मुलगी आणि याचा मुलगा एका खोलीत बसत नाहीत."

"त्या दोघांचं काय काम? शेजारी चालतील."

फॉर्ममध्ये 'ठेवीदाराशी नाते (असल्यास)' असा रकाना आहे. काकांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं, मग तिथे रेघ मारायला लागले.

"रेघ नका हो मारू," काकू म्हणाल्या. "तसंच ठेवा कोरं."

कागदावर कोरं ठेवता आलं, कॉम्प्युटर ऐकेना. पत्नीपासून पुतण्यापर्यंत यादी उघडली. मी शेवटचं 'इतर' निवडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली नाही.