डोंगरवस्तीवरचं पाणी

आज बालाघाटात मामांच्या वस्तीवर होतो. गावची नळयोजना खालीच संपते, म्हणून वरच्या घरांनी वर्गणी काढून आपली सोय आपणच केलीय. कपारीतल्या झऱ्याला दगडी बांध, तिथून काळा पाइप आणि पाणी उतारानं थेट टाकीत. ना मोटर, ना लाइटबिल. बेसाल्टच्या भेगांत मुरलेलं पाणी खाली घट्ट थर लागला की डोंगराच्या कडेला फुटतं, ते या लोकांनी बरोबर हेरलंय. फार अभिमान वाटला.

पण हे पाणी तपासतंय कोण? झऱ्याच्या वरच्या अंगालाच गुरं चरतात, आणि पाऊस झाला की टाकी गढूळ. मामी म्हणाल्या, "गाळून पितो की बाबा." गाळल्यानं माती जाते, जंतू जात नाहीत. मग मामांसोबत बसून हिशेब केला: १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर), बादलीत कालवायची, वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं. घरात लहान लेकरं आहेत, जीव लागून राहतो.

ग्रामपंचायतीनं अशा खासगी टाक्यांचंही पाणी तपासणीला पाठवावं. तुमच्याकडं कुठं असं होतं का? सांगा, मामांना कळवतो.