ताटाकडून भिंतीकडे

कोथरूडमधल्या आमच्या घराचा ताबा मिळाला, तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये घरसजावटीची चारशेच्या आसपास छायाचित्रे साठलेली होती. राखाडी सोफा, पांढऱ्या भिंती, ओट्यावर नावालाही भांडे नसलेले स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात एकच उंच झाड, असे ते सगळे होते. त्या चित्रांबरहुकूम मी घर लावून घेतले आणि दोनेक महिने ते फार छान दिसते आहे, असे स्वतःला बजावत राहिले. मग साताऱ्याहून आत्या आली. चहा पिता पिता तिने चहूकडे पाहिले आणि म्हणाली, "सगळं स्वच्छ आहे गं, पण डॉक्टरांनी आत बोलावण्याची वाट बघत बसल्यासारखं वाटतंय." रात्री जेवायला बसल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला, तो मला अधिक झोंबला. "वरणात हळद घालायला विसरलीस का?"

हळद घातली होती, आणि नेहमीइतकीच घातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले वरण खिडकीपाशी नेऊन पाहिले, तर ते चांगले पिवळेधमक दिसत होते. दोष जेवणाच्या टेबलावरच्या दिव्याचा होता. छायाचित्रांतल्यासारखा लख्ख उजेड हवा, म्हणून मी तिथे ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढऱ्या प्रकाशाचा दिवा लावून घेतला होता, आणि त्या उजेडात वरण फिके, पोळी करडी आणि लिंबाचे लोणचे शिळे दिसत होते. तो काढून २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला आणि त्याची तार लांबवून तो टेबलाच्या बराच जवळ खाली आणला. खर्च अगदी किरकोळ झाला, पण त्या रात्रीचे जेवण आणि ती खोली, दोन्ही एकाच वेळी सुधारले. घर सजवणे आणि स्वयंपाक करणे ही मी दोन निरनिराळी कामे मानत होते आणि दोन्हींसाठी निरनिराळी चित्रे गोळा करत होते. ती दोन नसावीत, असा संशय मला तेव्हा पहिल्यांदा आला.

त्यानंतर मी जे पाहायला लागले, ते रोज डोळ्यांसमोर असलेलेच होते. आपल्याकडे पान वाढण्याची जी पद्धत आहे, तीत वरच्या कडेला मधोमध मीठ असते. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी किंवा उसळ. आणि मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. लहानपणी डाव्या-उजव्याची चूक झाली की आजी ताट परत करायला लावायची आणि मला तो निव्वळ सोवळ्याओवळ्याचा हट्ट वाटायचा. आता नीट पाहिल्यावर त्यातला हिशेब कळला. डावीकडचे पदार्थ तिखट, आंबट, गडद रंगाचे आणि जेमतेम बोटभर. उजवीकडचे पोटभरीचे आणि पुन्हा पुन्हा वाढले जाणारे. आणि सर्वांत मोठी जागा पांढऱ्या, शांत, स्वतःची फारशी चव नसलेल्या भाताची. लसणीची चटणी कितीही आवडली, तरी ती ताटभर कोणी वाढत नाही.

नेमके तेच मी दिवाणखान्यात करायला निघाले होते. आत्या गेल्यावर, घर फार फिके आहे ना, मग एक आख्खी भिंत गडद डाळिंबी करू, असे ठरवून रंगाऱ्याला बोलावलेही होते. ते रद्द केले. पांढऱ्या भिंती भात म्हणून राहू दिल्या आणि रंग कडेकडेने, चटणीच्या मापाने वाढला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाच्या, म्हणजे चोळीच्या कापडाच्या, चार उश्या शिवून घेतल्या, दोन डाळिंबी, एक गर्द निळी आणि एक मोरपंखी. सूत आणि रेशीम यांच्या विणीमुळे खणाला जी चमक येते, ती दुपारी निराळी आणि दिव्याच्या उजेडात निराळी दिसते, आणि एवढ्याशा कापडात राखाडी सोफा एकदम माणसात आला. पाचवी उशी शिवली, ती मात्र जास्त झाली. "लोणचं जास्त झालंय," असे माझा नवरा म्हणाला, आणि तेव्हापासून आमच्या घरात कोणत्याही नको असलेल्या शोभेच्या वस्तूला हाच शब्द आहे.

ताटाने भिंतींचा प्रश्न सोडवला. स्वयंपाकघराचा प्रश्न सुटला तो शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. शाळेच्या सहलीत पाहिलेले ते संग्रहालय मी तीसेक वर्षांनी पुन्हा पाहिले, आणि या वेळी वही घेऊन पाहिले. १८९६ साली जन्मलेले दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. घरी चष्म्यांचा व्यवसाय असलेल्या या माणसाने १९२०च्या सुमारापासून लोकांच्या घरांतल्या जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव त्या संग्रहाला दिले. पुढे त्यांनी तो शासनाच्या स्वाधीन केला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या थोड्याच मांडलेल्या दिसतात. आमच्या कोथरूडमधून हलवलेल्या मस्तानी महालाचा भागही तिथेच आहे, आणि बहुतेक पाहुणे तिकडेच आधी वळतात. मी मात्र दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या आणि स्वयंपाकाची साधने यांच्यासमोर रेंगाळले.

बराच वेळ पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. या वस्तूंवर मोर, पोपट, हत्ती, माणसांच्या जोड्या असे पुष्कळ घडवलेले आहे. पण ते बहुतेक मुठीवर, दांड्यावर, कडीवर, म्हणजे जिथे हात पडतो तिथे. सुपारी कातरणारी धार साधीच असते. वस्तू रोज हातात येणार, म्हणून तिला सजवण्याचे श्रम घेतलेले आहेत. शोभेची म्हणून ठेवलेली आणि कामाला न येणारी वस्तू तिथे शोधावी लागते, आणि माझ्या घरात नेमक्या त्याच वस्तू भरल्या होत्या.

त्याच आठवड्यात माळ्यावरून आजीची पितळी पातेली, एक लोखंडी कढई आणि तांब्याचा हंडा खाली काढला. ओट्यावर भांडी दिसू नयेत, हा छायाचित्रांतला नियम मोडून भिंतीला सागवानी पट्टी आणि खुंट्या लावल्या. उत्साहाच्या भरात त्याच संध्याकाळी पितळी पातेल्यात आमसुलाची आमटी केली आणि ती कळकली. भांड्याची कल्हई, म्हणजे आतला कथलाचा मुलामा, केव्हाच उडून गेली होती. पितळेला आंबट लागले की धातू अन्नात उतरतो, हे मला पाठ होते, पण पाठ असणे आणि पातेल्याच्या आत डोकावून पाहणे यांत फरक असतो. ती आमटी पुरती ओतून द्यावी लागली.

मग पातेली घेऊन कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती असून, तिथल्या मठारकामाची, म्हणजे हातोडीने पत्र्यावर ओळीने उठवलेल्या गोल ठशांची, कीर्ती जुनी आहे. तो मठार मी इतके दिवस नक्षी समजत होते. ठोकण्याने पत्रा कडक होतो आणि भांडे टिकते, हे तिथे उभे राहिल्यावर समजले. कल्हई करतानाही तसाच वेळ विसरून उभी राहिले. पातेले तापवायचे, नवसागराची भुकटी टाकायची, पांढरा धूर उठला की कथिलाची कांडी फिरवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून झरझर पसरायचे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणूनच रिकामे पातेले मोठ्या आचेवर विसरून चालत नाही.

आता काय शिजवायचे, हे अनेकदा खुंटीवरचे भांडेच सुचवते. जाड बुडाच्या पातेल्यात बासुंदी आटते, ती सावकाश आणि न लागता. लोखंडी कढईत झुणका केला की तळाशी खरपूस खरवड धरते, आणि तिच्यासाठी घरात भांडणे होतात. चिंचगुळाची आमटी मात्र त्या कढईत करत नाही, कारण ती काळपट पडते. या तीन-चार गोष्टी कळल्यावर रोज नवी पाककृती शोधण्याची माझी धडपड आपोआप कमी झाली.

एक काम राहिले आहे. आजीचा पाटा गुळगुळीत झाला आहे आणि त्यावर ओले खोबरे वाटायला गेले तर ते नुसते घसरते. त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खडबडीत करून, घ्यायला हवे, पण पूर्वी दारावरून ओरडत जाणारे टाकीवाले आता आमच्या भागात फिरकत नाहीत. कल्हई करणाऱ्यांनी एका पाथरवटाचा ठावठिकाणा सांगितला आहे आणि रविवारी पाटा गाडीत घालून तिकडे जायचे ठरले आहे. तोपर्यंत त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. आत्याने फोनवर विचारले तेव्हा मी तसे सांगितले, तर ती म्हणाली, "कुंडी हलव आधी, पाट्याला पाणी लागतंय."